आर्क दिव्याची फुसफुस आणि हर्था एअर्टन

प्रश्न: कार्बन आर्क दिवा (दोन कार्बन कांड्यांमधल्या फटीत विजेचा झोत, म्हणजे आर्क, पेटवून उजेड देणारा) फुसफुसतो तो नेमका कशामुळे? ब्रिटिश संशोधक हर्था एअर्टन यांनी कारण शोधलं, एवढंच वाचलंय.

उत्तर १: ऑक्सिजनमुळे. धन ध्रुवाला जोडलेल्या कार्बन कांडीच्या टोकाला खळगा पडतो. प्रवाह बेताचा असेल तोवर तो टोकापुरताच राहतो. प्रवाह फार वाढवला की खळगा कडेवर पसरतो, हवा आत शिरते आणि तापलेला कार्बन जळू लागतो. त्याच क्षणी व्होल्टेज सुमारे १० व्होल्टनं घसरतं.

उत्तर २: एअर्टन यांचा पुरावा बघाच! हवा बंद केली की तेवढ्याच प्रवाहावर आर्क शांत. खळग्यावर हवा सोडली की लगेच फुसफुस.

प्रश्न: मग उपाय?

उत्तर १: प्रवाह कमी करा, नाहीतर जाड कार्बन लावा.

उत्तर ३: १८९९ मध्ये या फुसफुशीवरचा निबंध एअर्टन यांनी लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत स्वतः वाचला, असा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. तरी १९०२ मध्ये विवाहित म्हणून रॉयल सोसायटीनं फेलोशिप नाकारली. उघड अन्यायच! ह्यूज पदक १९०६ मध्ये दिलं.