मित्र दुरावेल या भीतीने गांजा ओढणाऱ्या मुलीशी कसे बोलावे?

प्रश्न (एक आई, डिचोली)

माझी मुलगी सतरा वर्षांची असून बारावीत शिकते. वर्गातल्या एका मुलाशी तिची जवळीक आहे हे मला ठाऊक होते आणि मी त्याला आडकाठी केली नव्हती. गेल्या आठवड्यात तिच्या दप्तरात डोळ्यांची लाली घालवणाऱ्या थेंबांची अर्धी संपलेली कुपी आणि गांजा वळायचे पातळ कागद सापडले. विचारल्यावर ती रडत म्हणाली, "मी नको म्हटले की तो दोन दोन दिवस बोलत नाही." शिकवणीचे नाव सांगून ती त्याच्या मित्रांबरोबर दोनदा हणजूणलाही जाऊन आली. तिचे वडील म्हणतात की मोबाइल काढून घ्यावा आणि भेटी बंद कराव्यात. तसे केले तर आज जे सांगते तेही ती सांगणार नाही, अशी मला धास्ती वाटते.

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, फोंडा)

ताई, मुलीने खरे सांगितले, हा धागा तुटू देऊ नका. मुलांना नशेपेक्षा एकटे पडण्याची भीती अधिक असते, हे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे. तो मुलगा वाईट आहे असे म्हणालात, तर ती त्याची बाजू घेईल.

उत्तर २ (पेडणे)

मी आज पंचवीस वर्षांची आहे आणि अकरावीत असताना याच वाटेने गेले होते. मला गांजा आवडत नव्हता. घसा जळायचा, छाती धडधडायची आणि रात्री उगाच कोणीतरी मागे आहे असे वाटायचे. तरीही ओढायचे, कारण हातातली विडी नाकारणे म्हणजे त्यालाच नाकारणे, असे त्याने माझ्या मनात पक्के केले होते. मला सोडवले ते आईच्या एका प्रश्नाने: "तू नाही म्हटलेस आणि तरी तो तुझ्याशी नीट वागला, असे कधी घडले आहे का?" मी उत्तर दिले नाही, पण तो प्रश्न कित्येक दिवस डोक्यातून गेला नाही. मावशी, तिला नकारासाठी निमित्तही द्या. "आई घरी आल्यावर तोंडाचा वास घेते" हे मी बिनदिक्कत सांगत असे, आणि त्यात आईला वाईट वाटले नाही.

उत्तर ३ (वकील, म्हापसा)

पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नका. अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या कायद्यातील कलम 64अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील अमली पदार्थाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. दुसरीकडे, अठरा वर्षांखालील मुलाला अमली पदार्थ देणे हा 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 नुसार गुन्हा असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची तरतूद आहे. हणजूणच्या त्या टोळक्यात कोणी प्रौढ आहे का, याची चौकशी अवश्य करा. बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल रात्री मी तिला तोच प्रश्न विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली, मग दप्तरातली कुपी आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सोमवारी बांबोळीला तू येशील ना माझ्याबरोबर? बाबांना मात्र तूच सांग."