गोवर झालेल्यांत लस घेतलेले इतके कसे?

जिज्ञासू: साथीत आजारी पडलेल्यांपैकी एक तृतीयांश जणांनी दोन्ही डोस घेतलेले निघाले, की लोक म्हणतात, 'लस कुचकामी.' त्यांना उत्तर काय द्यायचं?

छेदवाला: भागाकारात खाली कोणता आकडा आहे ते बघा. समजा १००० मुलं आहेत, ९५० जणांचे दोन्ही डोस झालेत, ५० जणांचा एकही नाही. विषाणू सगळ्यांपर्यंत पोचला. लस नसलेल्यांत गोवर साधारण ९० टक्क्यांना होतो, म्हणजे ४५. दोन डोसांची परिणामकारकता ९७ टक्के धरली, तर उरलेल्यांत सुमारे २६. एकूण ७१ रुग्ण, त्यातले २६ लसवाले! पण ५० पैकी ४५ कुठे आणि ९५० पैकी २६ कुठे? बातमीत नेमका हा छेदच गाळलेला असतो.

रात्रपाळी: हिशोब पटतो, पण बहुतेकांची खरी भीती सुरक्षिततेची असते, तिथे टक्केवारी चालत नाही. आधीच सांगून ठेवा: गोवराच्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, त्याची वाढ व्हायला वेळ लागतो, म्हणून ताप आला तर बहुधा ७ ते १२ दिवसांनी येतो. हे न सांगितल्यामुळेच 'लपवलं' असं वाटतं. तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांत एखादी, तीही बहुधा काही मिनिटांतच. टोचल्यावर थांबवून ठेवतात ते त्यासाठीच.

जिज्ञासू: आणि ऑटिझम?

छेदवाला: लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८चा तो शोधनिबंध अवघ्या १२ मुलांवरचा. तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१०मध्ये तो मागे घेतला.