मदत हवी आहे: रात्री चोरून खाणं थांबत नाही

खानापूरला राहते, नोकरी बेळगावात. दिवसभर डाएटच्या नावाखाली जेमतेम खायचं आणि रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभ्यानंच फरसाण, शिळी भाकरी, पाहुण्यांसाठी आणलेला कुंदा, पोट दुखेपर्यंत. रिकामा डबा सकाळी पर्समधून बाहेर नेऊन टाकायचा. उलट्या काढत नाही, जुलाबाची औषधं घेत नाही. थायरॉईड, शुगर नॉर्मल.

घरात गोड ठेवायचं नाही म्हटलं, पण सासूबाईंपुढे ते चालत नाही. उपास केले, तर दुसऱ्या रात्री दुप्पट. उपाशी राहिल्यानंच हे वाढतं असं वाचल्यावर आता दर ३-४ तासांनी ठरवून खाते. फरक आहे, पण ताण आला की पुन्हा तेच.

डाएट चार्ट नको. ‘मन घट्ट कर’ तर नकोच!

धारवाडच्या डिमहान्सला (सरकारी मानसोपचार संस्था) जायचं तर अख्खा दिवस मोडतो, घरी कारण सांगावं लागतं. कन्नड कामापुरतं येतं, हे बोलण्याइतकं नाही. बेळगावात खाण्याच्या विकारांवर सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला मदत करणारी, बोलून करायची थेरपी) करणारं, मराठीत बोलणारं कोणी माहीत आहे का? संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी वेळ देणारं असेल तर उत्तम. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कर्नाटकातून फोन लावला तर मराठी बोलणारं माणूस खरंच मिळतं का, कोणी लावून बघितलाय?