झुरळाच्या अ‍ॅलर्जी अर्कात बर्फ दिसला, तर तो वापरावा का?

प्रश्न
नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका अ‍ॅलर्जी क्लिनिकमध्ये त्वचाचाचणीचे काम पाहते. काल सकाळी फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेल्या दोन व्हायलपैकी झुरळाच्या ग्लिसरीनयुक्त मूळ अर्काची व्हायल नेहमीसारखी पाकाप्रमाणे दाट होती, पण त्याच अर्काच्या सलाइनमधील डायल्युशनमध्ये, म्हणजे पातळ केलेल्या द्रावणात, बर्फाच्या बारीक सुया दिसल्या. आता ते वितळून पुन्हा नितळ झाले आहे. मूळ व्हायलची मुदत संपायला 8 महिने आहेत. तीच मुदत डायल्युशनलाही धरावी का?

उत्तर 1
डायल्युशन कृपया टाकून द्यावे. गोठण्याने प्रथिनांची झालेली हानी नितळपणावरून कळत नाही. अर्कात 50 टक्के ग्लिसरीन असेल तर तो घरगुती फ्रिजच्या थंडीत गोठत नाही. तरीही साठवणीचे तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअसच हवे, म्हणून त्या व्हायलबाबत उत्पादकाला विचारावे. छापील मुदत मूळ अर्काची असते. पातळ केल्यावर ग्लिसरीनचे संरक्षण घटते आणि आधीच थोडे उरलेले प्रथिन काचेलाही चिकटते. त्यामुळे साध्या सलाइनऐवजी मानवी अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) असलेले डायल्युएंट, म्हणजे पातळ करण्याचे द्रव, श्रेयस्कर. जंतू रोखण्यासाठी घातलेले फिनॉलही प्रथिनांना हळूहळू क्षीण करते, हे अनेकदा विसरले जाते.

उत्तर 2
मधमाशी व गांधीलमाशीच्या विषाचे उदाहरण बोलके आहे. ते कोरड्या भुकटीच्या रूपात मिळते. काही उत्पादकांच्या पत्रकांनुसार, विरघळवल्यावर प्रति मिलिलिटर 100 मायक्रोग्रॅमचे द्रावण 6 महिने चालते, 1 ते 10 मायक्रोग्रॅमचे एक महिना, तर 0.1 मायक्रोग्रॅमचे अवघे 14 दिवस. झुरळाला हेच आकडे लावू नयेत. आणखी एक विनंती: झुरळाचा अर्क परागकणांच्या अर्कात मिसळू नये, कारण त्यातील प्रोटिएझ ही एन्झाइमे परागकणांची प्रथिने तोडतात.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. चाचणीत तुलनेसाठी टोचलेल्या हिस्टामिनची गांध नीट उठते, म्हणून अर्कही चांगला असावा असे मी धरून चालले होते.

उत्तर 1
हिस्टामिनवरून रुग्णाची त्वचा प्रतिसाद देते एवढेच कळते, अर्काची ताकद नव्हे. त्या डायल्युशनवर कोणाची चाचणी ‘निगेटिव्ह’ आली असेल, तर त्या रुग्णाला पुन्हा बोलवावे असे मला कळकळीने वाटते.

प्रश्नकर्ती
रजिस्टरमध्ये अशी दोन नावे सापडली. डॉक्टरांना सांगून दोघांनाही आजच फोन करते.