आभासी जगातल्या परिषदेसाठी लॅपटॉप: एकटी असताना पळतो, गर्दीत मान टाकतो

तासगावची_बाई
नमस्कार मंडळी. तासगावजवळच्या एका गावात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते, राहायला सांगलीत विश्रामबागेत. डिसेंबरात ओपनसिम्युलेटर कम्युनिटी कॉन्फरन्स असते, म्हणजे आभासी जग उभारायच्या त्या सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद. ती झूमवर नाही, त्या आभासी जगातच भरते. आपला अवतार सभागृहातल्या खुर्चीवर बसवायचा आणि त्याच्या तोंडून बोलायचं. मुलांना घेऊन कृष्णेच्या पुराचं छोटं मॉडेल केलंय. आयर्विन पूल, त्याला फुटांची पट्टी, 40 ला इशारा, 45 ला धोका, आणि 2019 चं पाणी 57 च्या वर. पट्टीवर क्लिक केलं की पाणी चढतं. त्यावर मला दहा मिनिटं बोलायचंय.

अडचण अशी. लॅपटॉप मुलाचा, त्याच्या इंजिनिअरिंगच्या वेळचा. 8 जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे, विंडोज 11. फायरस्टॉर्म, म्हणजे त्या जगात शिरायचा प्रोग्राम, टाकला तर लॉगिनच्या यादीत परिषदेचं ग्रिड, म्हणजे ती भरते ते जग, दिसेना. दुसऱ्याच्या मशीनवरून आत गेले, तिथं सगळं गुळगुळीत. मग तेच माझ्या लॅपटॉपवर एका मैत्रिणीच्या खात्यातून सेकंड लाइफ नावाच्या तसल्याच दुसऱ्या आभासी जगात बघितलं. एकटी असताना ठीक. पंधरा-वीस जण जमलेल्या जागी गेले आणि चित्रं थांबत थांबत सरकायला लागली, जुन्या स्लाइड शोसारखी. दुकानदार म्हणाला नेट वाढवा, महिन्याला दीडशे जास्त. वाढवू का? कार्यक्रम त्यांच्या सकाळी 7 ला आहे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, बरोबर ना?

खणभाग_रिपेअर
बाई, आधी वेळ. त्यांचं घड्याळ पॅसिफिकचं. उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, पण नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ एक तास मागं जातं, मग साडेतेरा. त्यांचे सकाळचे 7 म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. साडेसातला बसला असता तर नुसती रिकामी सभा बघत बसला असता.

यादीत ग्रिड का नाही, तर फायरस्टॉर्मच्या दोन आवृत्त्या असतात. एकीत फक्त सेकंड लाइफ चालतं, दुसरीत ओपनसिम पण. तुम्ही पहिली उतरवलीय. दुसरी टाका, मग ग्रिडचा पत्ता जोडता येईल.

नेट वाढवू नका. पैसे वाचवा, त्यात चहा-भडंग होतंय. गर्दीत अडकतंय ते ग्राफिक्समुळं. दुकानात रोज बघतो, लॅपटॉपात कार्ड असतं, पण प्रोग्राम चालतोय प्रोसेसरच्या पोटातल्या साध्या ग्राफिक्सवर. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथं जा, फायरस्टॉर्म जोडा, 'हाय परफॉर्मन्स' निवडा. मशीन बंद-चालू करून परत बघा.

मिरज_वारी
मी या परिषदेला दोनदा गेलोय, श्रोता म्हणून. गर्दीत मशीन मरतं ते दुसऱ्यांच्या कपड्यांमुळं! एकेकाचे केस, झगे, पंख म्हणजे नुसती झालर. प्रत्येक अवतार तुमच्याच कार्डाला काढावा लागतो. म्हणून फायरस्टॉर्मच्या ग्राफिक्समध्ये 'ॲव्हेटर मॅक्सिमम कॉम्प्लेक्सिटी' खाली ओढा. भारी अवतार एकरंगी जेलीच्या बाहुल्यासारखे दिसतील, दिसू देत की. ड्रॉ डिस्टन्स, म्हणजे किती लांबचं दाखवायचं ते, 64 मीटर ठेवा, एक रीजन, म्हणजे तिथल्या जमिनीचा एक तुकडा, साधारण 256 बाय 256 मीटरचा असतो, तुम्हाला स्टेजच्या पलीकडचं डोंगर-झाडं बघून काय करायचंय.

कंट्रोल, शिफ्ट आणि 1 एकदम दाबलं की आकड्यांची पट्टी उघडते. त्यात एफपीएस बघा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात ते. आणि पॅकेट लॉस, म्हणजे नेटवर वाटेत किती माहिती हरवते ते. एफपीएस पडला पण लॉस शून्य असेल, तर दोष मशीनचा. लॉस वाढला तर नेटचा. दुकानदाराला हे दाखवा.

एक सांगून ठेवतो: आदल्या दिवशी 'कॅशे', म्हणजे मशीनमध्ये साठवलेली आधीची चित्रं, साफ करू नका. सगळीकडं तोच सल्ला दिसेल, पण साफ केलं की सगळी चित्रं पहिल्यापासून उतरतात, आणि नेमकी सभा सुरू होताना भिंती करड्या. उलट अर्धा तास आधी जाऊन बसा, जागा आपोआप उतरेल.

खणभाग_रिपेअर
कॅशेचं बरोबर. आणि लाईटचं कुणी बोललं का? रात्री साडेआठ, सांगली. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि बहुतेक मशीन ग्राफिक्सचा वेग आपोआप खाली आणतात. म्हणजे चालतंय, पण रांगत. त्यात राऊटर बंद. राऊटरचा छोटा यूपीएस घ्या. तरी गल्लीतला केबलवाल्याचा डबा त्याच लाईटवर असला तर तोही गेला. म्हणून मोबाईलचं हॉटस्पॉट आधीच जोडून ठेवा. मात्र एकदा नेट बदललं की चालू असलेलं लॉगिन तुटतं. परत आत जायला लागतं, कधीकधी "तुम्ही आधीच आत आहात" म्हणतो, मग थांबा, दोन मिनिटांनी जा. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा.

तालीम घरी रिकाम्या जागेत करून काय उपयोग? ओएसग्रिड नावाच्या ओपनसिमच्या जगात लब्सा प्लाझा हा चौक आहे, तिथं सहसा चार माणसं असतात. रात्री साडेआठलाच जा, त्याच खुर्चीत, त्याच वायफायवर.

पुण्यात_सांगलीकर
बाई, आणि घाबरू नका, सगळं कोसळलं तरी यूट्यूबवर थेट दाखवतात. ते मोबाईलवर चालू ठेवा, निदान कोण काय विचारतंय ते कळेल. फक्त त्याचा आवाज बंद ठेवा, नाहीतर तुमचाच आवाज थोड्या वेळानं परत येतो आणि माणूस बावचळतो. हेडफोन लावा, स्पीकरवर माईक चालू ठेवणारे सभेत मार खातात.

तासगावची_बाई
आज परिषदेतून आले, म्हणून लिहितेय. नेट वाढवलं नाही. दुसरी आवृत्ती टाकली, ग्रिड सापडलं. ग्राफिक्स कार्डाची सेटिंग खरंच चुकीची होती. लब्सा प्लाझात एका जेली बाहुलीनं मला हाय केलं, मी तिला नमस्कार केला, तिला काय कळलं देव जाणे.

लाईट नाही गेली. मीच गेले, दोन मिनिटांसाठी, विंडोजनं अपडेट मागितलं म्हणून. त्याबद्दल इथं एकही जण काही बोलला नव्हता, आणि आज सकाळी माझं 'अपडेट थांबवा' दाबायचं राहिलं.

परत आत आले, पट्टीवर क्लिक केलं, पाणी 57 फुटांवर चढवलं, शेवटी प्रश्न विचारायला एकानं हात वर केला. पुराबद्दल असेल म्हणून मी सरसावले. विचारतो, बाई, मागं संगीत छान आहे, पण जरा कमी कराल का? समोरच्या मंगल कार्यालयात वरात आली होती, बेंजो चालू होता. हेडफोन लावले होते मी. खिडकी उघडी होती.