दोरी दिसते, बाबा! – जुन्या सिनेमातल्या करामतींचे अनुभव

वाळपईकर
परवा रात्री लेक (वय ९) जेवत नव्हती म्हणून फोनवर एक जुना पौराणिक सिनेमा लावून दिला. हनुमान उडतोय, खालून ढग सरकतायत. तिने दोन घास खाल्ले, फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "बाबा, दोरी दिसते."

आणि मला एकदम १९८७ सालातली आमच्या वाड्यावरची रविवार सकाळ आठवली. अख्ख्या वाड्यात टीव्ही एकच. पडवीत चपलांचा ढीग, टीव्हीला हार, आजी पुढच्या रांगेत हात जोडून. रामायणात इकडून एक बाण, तिकडून एक बाण, दोन्ही आकाशात समोरासमोर. ते एकमेकांना भिडेपर्यंत आम्ही श्वास धरायचो. आणि नेमके तेव्हाच लाईट जायचे! मग आठवडाभर भांडण, कोणाचा बाण विझला.

आता अख्खी शहरं पडद्यावर कोसळतात आणि मी पॉपकॉर्न संपलं का बघतो. तुम्हाला शेवटचं कधी असं घाबरायला झालं? सिनेमा, नाटक, दिवाळीतला नरकासुराचा पुतळा, काहीही चालेल.

फोंड्याची सून
छोटा चेतन!!! तो चष्मा!!! आईस्क्रीमचा कोन पडद्यातून बाहेर आला तेव्हा माझ्या भावाने खरोखर जीभ बाहेर काढली होती. तीन दिवसांनी दोघांचे डोळे आले. तेच चष्मे सगळ्या शोंना फिरवत होते, कोण धुतंय. आई म्हणाली, भूत बघायला गेलात ना, शिरलं डोळ्यांत.

रोस_ऑम्लेट
मडगावला बघितला? लता की विशांत?

फोंड्याची सून
विशांत. माहेर मडगावचं माझं. का रे?

रोस_ऑम्लेट
सहज. सुटल्यावर खाल्लं काय ते विचारणार होतो 😀

मास्तर_निवृत्त
सूनबाई, तो सिनेमा मूळचा मल्याळम, १९८४ सालचा, आपल्या देशातला पहिला त्रिमिती सिनेमा. नंतर हिंदीतही आला. त्यात मुलं भिंतीवरून छतावर चालत जातात ना, तिथे कॅमेऱ्याची जादू कमी आणि सुतारकाम जास्त आहे. अख्खी खोलीच फिरती बांधली होती. मुलं आपली जमिनीवरच चालतायत, खोली गोल फिरतेय.

पेडण्याचो
सिनेमा राहू दे, आमच्याकडे ट्रिकसीन असायचा. काल्याला दशावतार, बोर्डावर मोठ्या अक्षरांत "ट्रिकसीनयुक्त". त्याच्यासाठी रात्री दोनपर्यंत जागायचं. एके वर्षी नाग वरून उतरायचा होता, अर्ध्यावर येऊन अडकला. शेपूट खाली, फणा वर माळ्यात. पडद्यामागून दोरी ओढतायत, नाग नुसता गरागरा फिरतोय. दशावतारात लिहिलेलं काही नसतंच, बोलायचं ते जागच्या जागी. राजा वर बघून म्हणाला, "नागराज, विडा ठेवला नाही म्हणून रुसलात काय?" आणि खरंच विडा मागवला, पाटावर ठेवला. तेवढ्यात कोणीतरी शिडी लावून दोरी सोडवली, नाग धपकन विड्यावर. लोकांनी हात जोडले हो! मी पण. दोरी दिसत होती, शिडीसुद्धा दिसत होती.

फोंड्याची सून
मेले हसून 😂😂 घरातले विचारतायत काय झालं

ओहोळ
मला उलट वाटतं. जुनं ते सगळं सोनं म्हणू नका. लहानपणी ज्या राक्षसाला घाबरलो तो आता यूट्यूबवर बघितला, गोणपाट पांघरलेला माणूस. कथासुद्धा काय, मध्येच बागेत नाच, मध्येच विनोदी नोकर, मारामारी संपेपर्यंत हिरोईन खांबाला बांधलेली. बाहुबली बघताना मी खुर्चीच्या कडेवर होतो. वय झालं की भीती वाटत नाही, त्यात सिनेमाचा काय दोष?

वाळपईकर
ओहोळ, पण लेक नऊचीच आहे ना? तिलाही वाटत नाही. नव्यातलंही नाही. ड्रॅगन आला की म्हणते "ग्राफिक्स" आणि पुढे ढकलते.

कार्बनकांडी
माझे वडील म्हापशाला थेटरात ऑपरेटर. माझं बालपण त्या खोलीत गेलं, तिथली उकड अजून अंगात आहे. दोन मशिनं. आत कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्यामध्ये ठिणगी, तोच सगळा उजेड. कांड्या जळतात तसं मधलं अंतर वाढतं, मग चावी फिरवून जवळ आणायच्या. जरा डुलकी लागली की पडदा पिवळा, खालून शिट्ट्या आणि वडिलांच्या नावाने शिव्या.

रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक टिकली चमकते. पहिल्या टिकलीला दुसऱ्या मशिनची मोटर चालू, सातेक सेकंदांनी दुसरी टिकली, तेव्हा खटका. कोणाला कळता कामा नये. मला काम दिलेलं, टिकली दिसली की "पप्पा!" म्हणायचं. त्यामुळे मी एकही सिनेमा धड बघितलेला नाही, नुसता कोपरा बघितला. आता मल्टिप्लेक्सला टिकली येत नाही हे माहीत आहे, तरी डोळा तिथेच जातो. बायको विचारते, तिकडे काय आहे?

(वाचून झाल्यावर कोणी तरी सांगा, घरातला फॅन आवाज करतो तर कपॅसिटर बदलू की बेअरिंग?)

रोस_ऑम्लेट
आवाज करतो म्हणजे बेअरिंग. हळू फिरत असेल तर कपॅसिटर.

चोडणकार
पणजीत शेवटचा शो म्हणजे शेवटच्या फेरीबोटीचं टेन्शन. सम्राटला बसलेलो, भुताचा सिनेमा, शेवटची दहा मिनिटं उरली असताना उठून रायबंदरला पळायचो. असे कितीतरी सिनेमे आहेत ज्यातला खुनी मला आजतागायत माहीत नाही. भीती म्हणाल तर फेरी सुटण्याची. भुताला कोण विचारतो.

मास्तर_निवृत्त
गोणपाटावरून आठवलं. दादासाहेब फाळक्यांचा कालिया मर्दन, १९१९. कृष्ण झाली आहे त्यांचीच मुलगी मंदाकिनी. सिनेमाच्या सुरुवातीलाच ती छोटी पोर साधीच कॅमेऱ्यासमोर येते, हसते, रागावते, रडते, वेगवेगळे चेहरे करून दाखवते. आणि बघता बघता त्याच जागी मुकुट घातलेला कृष्ण. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी फाळके आधी सांगून मोकळे, ही माझी पोर आहे हं. आणि तरी पुढे ती कालियाच्या डोक्यावर नाचते तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. वाळपईकर, लेकीला हा दाखवा. जेवताना नको.

ओहोळ
मास्तर, हे मान्य. डीव्हीडीच्या मागे "मेकिंग" असायचं तेच त्यांनी पुढे लावलं म्हणा की. बघतो आज.

रात्रपाळी
सगळे प्रतिसाद वाचले, आता मीच लिहिते. मी डिचोलीची, सहा वर्षं मुंबईत याच धंद्यात. तुमची दोरी कुठेही गेलेली नाही. माझ्या स्क्रीनवर आहे.

हिरो आजही दोरीलाच लटकतो. कमरेला पट्टा, दोन वायरी, वर क्रेन. माझं काम ती वायर पुसणं. चार सेकंदांचा शॉट म्हणजे ९६ चित्रं, प्रत्येकातली वायर काढायची आणि तिच्या मागे जे असायला हवं ते भरायचं. शूटिंगवाल्यांनी माणूस बाजूला करून तीच जागा रिकामी एकदा घेतली असेल तर त्यातून तुकडा उचलता येतो. घाईत घेतच नाहीत. मग वायरीमागचा ढग मी रंगवते, ९६ वेळा, सारखा दिसला पाहिजे आणि सरकलाही पाहिजे. सगळ्यात वाईट म्हणजे डोक्यावरचे केस. वायर हिरोच्या केसांवरून गेली की आमच्या ओळीत कोणीतरी मोठ्याने शिवी देतो आणि सगळे समजतात.

एका मोठ्या सिनेमात माझे अकरा शॉट होते. आईला पणजीला घेऊन गेले दाखवायला. सिनेमा संपला, लोक उठले, आई नाही उठली. नावं वर सरकत होती, शेकड्यांनी. झाडूवाला दारात उभा, आमच्यामुळे थांबलेला. माझं नाव आलं नाही. कंपनीने आमच्यापैकी निम्म्यांची दिलीच नव्हती. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "अक्षरं बारीक होती गो, मला चष्म्यातून दिसलं नसेल."

कार्बनकांडी
😔 आमच्या पप्पांचं नाव कुठे असणार? त्यांना लोक फक्त शिव्या देताना आठवायचे.

फोंड्याची सून
रात्रपाळी, आईला माझा नमस्कार सांग. सिनेमा कोणता ते सांगू नको, पण मी आता हिरो उडाला की केसच बघणार.

रोस_ऑम्लेट
आमच्या वाड्यावरच्या नरकासुराचे डोळे रिक्षाच्या वायपरच्या मोटरवर फिरायचे. उजवा आणि डावा एकत्र कधीच नाही. एक डोळा आपल्याकडे, एक देवळाकडे. बारकी पोरं ओरडत पळायची. गेल्या वर्षी भाड्याने आणलेली सिस्टम लावली, दोन्ही डोळे झकास, धूर, लाईट, सगळं. पोरं त्याच्यासमोर सेल्फी काढत होती.

चोडणकार
जुरासिक पार्कमध्ये डायनासोर यायच्या आधी ग्लासातलं पाणी थरथरतं, आठवतं? त्याच्याखाली गिटारची तार लावली होती म्हणे, ती छेडायची. तो सीन मी पूर्ण बघितला, फेरीला अजून वेळ होता.

रात्रपाळी
बघा, तिथेही तारच 😀 चला, शिफ्ट सुरू.

वाळपईकर
लेकीला रात्रपाळीचं सगळं वाचून दाखवलं. जेवण सोडून ऐकत होती. ताईला दोन प्रश्न आहेत, सवडीने उत्तर दे. एक, हनुमानाची दोरी पुसायला किती दिवस लागतील? दोन, पुसलीच नाही तर चालेल का?

कार्बनकांडी
बेअरिंगच होतं. धन्यवाद.