मदत हवी आहे : शाकाहारी आईला घेऊन सुशीच्या जेवणाला जायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. साताऱ्याहून आई-बाबा आलेत. माझ्या जपानी साहेबांनी येत्या शनिवारी आम्हा सगळ्यांना सुशी खायला बोलावलंय, तेही काउंटरवर, ओमाकासे. म्हणजे शेफ समोर ठेवेल ते एकेक खायचं. बाबा मासे खातात, त्यांची काळजी नाही. आई मात्र पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

काकडीचं काप्पामाकी, म्हणजे भाताची गुंडाळी, तिला चालेल. खरी अडचण दाशीची, म्हणजे जपानी स्वयंपाकात सगळीकडे वापरतात त्या अर्काची. इनारीचं (आत भात भरलेल्या सुशीचं) तळलेलं तोफू, कान्प्योच्या (सुकवलेल्या दुधी भोपळ्याच्या) पट्ट्या बहुतेकदा सुकवलेल्या माशाच्या अर्कात शिजवतात, मिसो सूपही त्याचंच. परवा मी घरी इनारी आणली. गोडसर लागली म्हणून आईने आवडीने दोन खाल्ल्या. नंतर पाकिटावर ‘कात्सुओ’ (दाशीत वापरतात तो मासा) वाचलं आणि पोटात गोळाच आला. तिला अजून सांगायचा धीर झालेला नाही.

शेफला आधी फोन करून कोंबूची (समुद्री शेवाळाची) दाशी वापराल का, असं विचारलं तर ते उद्धटपणाचं वाटेल का? की साहेबांकरवीच कळवू? कुणी असं कळवून जेवून आलं असेल तर नेमकं काय बोललात ते कृपया लिहा. साहेबांचा मान राहायला हवा, पण आईच्या ताटात पुन्हा चुकून मासा यायला नको.